लागोपाठ चार

ऑफिसात मला नाकाडी म्हणतात. तोंडावर नाही, पण कळतं. माझं नाक तसं चारचौघींसारखंच आहे. नाव पडलंय ते हुंगण्यावरून. गोळ्यांच्या कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. तापाच्या, रक्तदाबाच्या, झोपेच्या गोळ्या यंत्रातून धो धो पडत असतात, आणि यंत्रावरच्या माणसाने दर पंधरा मिनिटांनी एक गोळी उचलून वजन करायचं आणि ते तक्त्यात लिहायचं, एवढंच काम. एवढंच असल्यामुळे ते कंटाळवाणं होतं. जेवणानंतर गप्पा रंगतात, कुणाचा डोळा लागतो, आणि मग घरी जायच्या आधी दोन तासांचे आठ आकडे एका दमात ठोकून दिले जातात. आमच्याकडे त्याला 'बसून लिहिलेलं' म्हणतात. बसून लिहिलेलं शोधून काढण्यात माझी हयात गेली.

शोधणं अवघड नाही. माणसाला वाटतं, मनाला येईल ते आकडे लिहिले की काम भागलं. पण मनाला येईल ते कुणालाच लिहिता येत नाही. एकदा पाचशे दोन मिलिग्रॅम लिहिलं की लगेच पुन्हा पाचशे दोन लिहायला हात धजत नाही. बघणाऱ्याला संशय येईल असं वाटतं. मग पाचशे दोननंतर चारशे सत्त्याण्णव, मग पाचशे तीन, एकदा वर, एकदा खाली, सगळं कसं छान विस्कटलेलं. खऱ्या गोळीला असली लाज नसते. ती चार वेळा लागोपाठ पाचशे दोन भरते आणि खुशाल बसते.

नवीन माणसं कामाला लागली की त्यांना मी एक खेळ खेळायला लावते. निम्म्यांनी शंभर वेळा नाणं उडवायचं आणि छापा-काटा जसा येईल तसा लिहायचा. उरलेल्यांनी नाणं न घेता मनानेच शंभर वेळा छापा-काटा लिहायचा. मी बाहेर जाऊन चहा पिऊन येते आणि दोन मिनिटांत कागदांचे दोन गठ्ठे करून देते. शंभर वेळा नाणं उडवलं की कुठेतरी पाच-सहा वेळा लागोपाठ एकच बाजू बहुतेक येतेच. मनाने लिहिणाऱ्याची तीनच्या पुढे जायची हिंमत होत नाही. सगळे तोंडात बोट घालतात, आणि मी माझं ठेवणीतलं वाक्य टाकते, "नाण्याला आठवण नसते. आठवण आपल्याला असते."

हे वाक्य मुळात माझ्या आईचं.

आई पोस्टात टपाल वेगळं करायची. घरी आम्ही दोघं, दादा आणि मी, म्हणजे अखंड भांडण. खिडकीशी कोण बसणार, भांडी कोण घासणार, दिवा कोण घालवणार. आईने त्यावर एक जुनं, चलनातून गेलेलं नाणं काढलं. छापा आला तर मी, काटा आला तर दादा. नाण्याने सांगितलं की विषय संपला, त्यावर रडायचं नाही. मी अर्थात रडायचे. "कालपण माझंच नाव आलं होतं!" म्हणून पाय आपटायचे. तेव्हा आई ते वाक्य म्हणायची आणि माझ्या हातात घासणी द्यायची.

दोन वर्षांपूर्वी आईचे गुडघे गेले आणि तिचं बाहेर पडणं थांबलं. दादाकडे जायला तयार नाही, माझ्याकडे यायला तयार नाही. रोजचं करायला एक बाई येत, त्यांची सुट्टी रविवारी. मग रविवारी आम्ही कुणीतरी जायचं ठरलं. मी म्हटलं, सोपं आहे, एक रविवार दादा, एक रविवार मी.

"मुळीच नाही," आई म्हणाली. "मला कुणाची पाळी व्हायचं नाही. आज आईकडे जायची पाळी, असं म्हणत चपला घालाल. त्यापेक्षा नाणं उडवा."

तिने नाणं दादाच्या हातावर ठेवलं. दर शनिवारी संध्याकाळी त्याने नाणं उडवायचं, मला फोन करून सांगायचं, आणि रविवारी दहाला ज्याचं नाव येईल त्याने आईच्या दारात उभं राहायचं. आईला कुणी आधी कळवायचं नाही. रविवारी तिला फोनसुद्धा करायचा नाही, कारण एकाचा फोन आला की दुसरा येणार हे कळतं आणि मजा जाते. गुडघे गेल्यावर तिच्या आयुष्यात तेवढीच एक मजा उरली होती. सकाळी उठून ती अंदाज बांधायची. दादा येणार असं वाटलं तर टेबलावर त्याचा स्टीलचा ग्लास काढून ठेवायची, मी येणार असं वाटलं तर माझा निळा मोठा कप. आणि कॅलेंडरवर रविवारच्या चौकोनात पेन्सिलीने अंदाज लिहायची: दादासाठी फुली, माझ्यासाठी गोल. मग जो येईल त्याची खूण खाली पेनने.

पहिले चार रविवार लागोपाठ दादाचं नाव आलं. मी फोनवर खो खो हसले. "नाण्याला तुझा लळा लागलाय," म्हटलं. चारही रविवार दादा गेला.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. कधी तो, कधी मी, कधी मी दोनदा, कधी तो दोनदा. कुणावरच फार ओझं नाही. आईचे अंदाजही बरोबर यायला लागले. मी दारात उभी राहिले की आतून आवाज यायचा, "कप काढून ठेवलाय बरं का!"

"आई, तू भविष्य सांगायला बस," मी म्हणायचे.

"त्यात काय अवघड आहे? दोनदा तू आलीस की तिसऱ्यांदा दादा. हल्ली ठरलेलंच असतं."

हे ती मला सांगत होती. मला, नाकाडीला. आणि मी हसत हसत चहा पीत होते. घरात शिरताना चपलांबरोबर मी नाकही दाराशी काढून ठेवत असले पाहिजे.

मग या वर्षी एका शनिवारी दादाने माझं नाव सांगितलं. पुढच्या शनिवारी पुन्हा माझं. त्याच्या पुढच्या शनिवारी परत माझंच. तिसऱ्या रविवारी मी जरा धुसफुसतच गेले. टेबलावर दादाचा ग्लास होता. मला बघून आई टाळ्या पिटायचीच बाकी राहिली.

"चुकले! बरं झालं. मला वाटायला लागलं होतं की आता मला सगळंच कळतं. नाण्याला कुठे आठवण असते!"

तिने गुडघ्यावर हात ठेवून, कुरकुरत उठून, माझा कप स्वतः काढला.

चौथ्या शनिवारी दादाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून दमून आले होते. त्या दिवशी एका तक्त्यावरून यंत्रावरच्या माणसाशी कडाक्याचं वाजलं होतं, डोकं ठणकत होतं, आणि रविवारी पाय वर करून पडायचं एवढं एकच स्वप्न होतं. दादा म्हणाला, "छापा आलाय गं."

"चौथ्यांदा?"

"हो. मी काय करू, आला."

"दादा, तू मला शिकवतोस? चार वेळा लागोपाठ? मी दिवसभर असले तक्ते फाडत असते. नाणं खिशात ठेवून फोन करतोस ना तू?"

"नाही गं. खरंच उडवलं."

"खोटं बोलू नकोस. आईच्या बाबतीत तरी बोलू नकोस. जमत नसेल तर सरळ सांग, ही नाटकं कशाला?"

तो म्हणाला, "नाण्याने तुझं नाव सांगितलंय. मी जाणार नाही." आणि फोन ठेवला.

मी म्हटलं, जाईल झक मारत. दादा नेहमी नमतं घेतो. तिकडे दादाने म्हटलं, जाईल, राग उतरला की जाईल, ती नेहमीच जाते. रविवारी मी अकरापर्यंत झोपले. दुपारी आईला फोन करावा असं दोनदा मनात आलं, पण रविवारी फोन करायचा नाही हा तिचाच नियम. दादा तिथे बसला असणार, आणि माझा फोन गेला की तो मनातल्या मनात हसणार, म्हणूनही नाही केला.

सोमवारी सकाळी कामाच्या बाईंनी बेल वाजवली, कुणी उघडलं नाही. त्यांनी आम्हा दोघांना फोन केले. दादा आणि मी एकदमच जिन्यात भेटलो. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे, आणि त्या एका नजरेत दोघांनाही कळलं की काल कुणीच आलं नव्हतं.

आई बाहेरच्या खोलीत, खुर्चीशेजारी पडली होती. डॉक्टर म्हणाले, रविवारी दुपारी केव्हातरी. "कुणी सोबत असतं तर?" दादाने विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही." एवढं एक वाक्य आम्हा दोघांत त्यांनी ठेवलं आणि बॅग उचलून गेले. दादा आईचा हात धरून खाली फरशीवर बसला तो तिला नेईपर्यंत उठला नाही. स्वयंपाकघरात मी एकटीच गेले. टेबलावर जे होतं ते धुतलं, पुसलं, कपाटात ठेवलं. ते काय होतं हे आत्ता सांगत नाही. आत्ता हात होत नाही.

दोन आठवडे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मग आईचं घर आवरायला मी गेले आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरची कॅलेंडरं काढून आणली, सगळी, तिने खिळ्यावर एकावर एक अडकवलेली. घरी येऊन ती टेबलावर पसरली. पेनाच्या खुणा ओळीने एका कागदावर उतरवल्या. का, ते विचारू नका. दुसरी माणसं रडतात, मी तक्ता करते.

पहिल्या चार फुल्या. मग शंभर खुणा, गोल, फुली, फुली, गोल, फुली, गोल, गोल, फुली. शंभर रविवारांत एकदाही, एकदासुद्धा, तीन सारख्या खुणा लागोपाठ नव्हत्या. त्यानंतर तीन गोल, आणि मग पेनने काहीच न लिहिलेला एक चौकोन.

बसून लिहिलेलं. डोळे मिटून सांगितलं असतं. शाळेतल्या पोराने लिहावं इतकं कच्चं.

खरं सांगते, मला आनंद झाला. लाज वाटते, पण झाला. दोन आठवडे छातीवर जो दगड होता तो जरासा हलला. म्हणजे दादा खोटंच बोलत होता! पहिल्यापासून! त्याने नाणं कधी उडवलंच नव्हतं, म्हणजे शेवटचे चारही त्यानेच ठरवले, म्हणजे मी फोनवर बोलले ते अक्षर न् अक्षर खरं होतं, म्हणजे आई एकटी गेली ती त्याच्यामुळे. मी कॅलेंडरं पिशवीत कोंबली आणि तडक त्याच्या दुकानात गेले.

दादाचं चष्म्याचं दुकान आहे. छोटंसंच, पुढे काचेचा काउंटर, मागे काचा घासायचं यंत्र आणि भिंतीवर अक्षरांचा तक्ता. खालची ओळ दिसत नसली तरी अंदाजाने वाचणारी गिऱ्हाइकं त्याला बरोबर ओळखू येतात. आमच्या घराण्यालाच ही खोड आहे. मी गेले तेव्हा तो एका भिंगाची कड तपासत होता. दोन आठवड्यांत त्याची दाढी पांढरी झाली होती, की आधीच होती आणि मी बघितली नव्हती, कोण जाणे.

मी कागद काउंटरवर आपटला. "हे बघ. शंभर रविवार. नाणं असं येत नाही, दादा. हे तू मनाने ठरवलंस."

त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद नीट पाहिला. मला वाटलं, आता नाही म्हणेल.

"हो," तो म्हणाला. "मीच ठरवलं."

मी तयारीत होते ती भांडणाच्या.

"नाणं हरवलं," तो म्हणाला. "पहिल्याच महिन्यात. सगळं दुकान पालथं घातलं. आईला कुठल्या तोंडाने सांगणार? तिने आपल्या लहानपणापासून जपलेलं. दुसरं नाणं उडवावं असं वाटलं, पण ते तिचं नसतं. मग म्हटलं, आपणच ठरवावं, नीट, कुणाला जड होणार नाही असं. तू लहानपणी लागोपाठ नाव आलं की रडायचीस. म्हणून दोनच्या पुढे तुझं नाव कधी जाऊ दिलं नाही. माझंही नाही, नाहीतर तुला संशय आला असता."

"आणि सोयीने तुझे कमी केलेस!"

"मोजलेस?"

मी मोजले नव्हते. आयुष्य आकड्यांत गेलं, आणि मी फक्त क्रम बघून पिशवी उचलली होती. तिथेच काउंटरवर, पेन्सिलीचं टोक एकेका खुणेवर ठेवत मोजलं. त्या शंभरात माझे चव्वेचाळीस. त्याचे छप्पन्न. आणि पहिले चार वेगळे.

"तुझं ऑफिस लांब," तो म्हणाला. "माझं काय, आठवडाभर दुकानातच बसायचं असतं."

"आणि शेवटचे?" मी पेन्सिल खाली टाकली. "शेवटचे चार तरी कबूल कर. ते का सगळे माझ्यावर टाकलेस?"

दादाने खण उघडला. आतून एक चष्म्याची डबी काढली, उघडली आणि माझ्यापुढे सरकवली. डबीत, काच पुसायच्या मऊ कापडावर, आईचं नाणं होतं. छाप्याच्या बाजूने झिजून गुळगुळीत झालेलं, मी हजार वेळा रडून पाहिलेलं.

"जुना कोट रफूला द्यायला काढला तर अस्तरात सापडलं. खिशाला भोक होतं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, झालं, आता आईशी खोटं वागायला नको. त्या शनिवारपासून रीतसर उडवायला लागलो. तुझ्या वहिनीसमोर, जेवायच्या टेबलावर. पहिल्यांदा छापा. दुसऱ्यांदा छापा. तिसऱ्यांदाही छापा."

मला पुढचं नको होतं. मी हात वर केला असेन, पण त्याचं लक्ष नव्हतं.

"चौथ्यांदाही तोच आला तेव्हा तुझी वहिनी म्हणाली, अहो, पुन्हा उडवा, कुणाला कळतंय, ती चिडेल. मी म्हटलं, ती? ती कशाला चिडेल? दुसरं कुणी असतं तर गोष्ट वेगळी. तिचं कामच ते. तिला तर कळेलच, की असं होतं."

दुकानात कुणी नव्हतं. मागचं यंत्र बंद होतं. शंभर खोटे रविवार मी डोळे झाकून खरे मानले होते, आणि जे चार खरे होते त्यांना खोटं म्हटलं होतं. ऑफिसातल्या कुठल्याही नवशिक्याने ही चूक केली असती तर मी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं असतं. मला उभं करायला कुणी नव्हतं. दादा तर मलाच समजावल्यासारखं बघत होता, लहानपणी माझ्या वाट्याची भांडी घासताना बघायचा तसा.

"मी जायला हवं होतं," तो म्हणाला. "फोन आपटला तो आपटला, तरी सकाळी जायला हवं होतं. तू मला खोटारडा म्हणालीस ते लागलं. कारण दोन वर्षं मी होतोच ना खोटारडा. नेमका त्या दिवशी नव्हतो."

तो डबीचं झाकण उघडत होता, मिटत होता. मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं.

"मी त्या दिवशी आत स्वयंपाकघरात गेलोच नाही. तू गेली होतीस. टेबलावर..." त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "दोन आठवडे झोप नाही. सारखं वाटतं, तीनदा तू येऊन गेलीस, म्हणजे आता दादाच येणार असं म्हणून तिने माझा ग्लास काढून ठेवला असेल. माझी वाट बघत बसली असेल. खरं सांग. ग्लास होता का?"

मी पिशवीतून शेवटचं कॅलेंडर काढलं. त्या रविवारच्या चौकोनात पेनने काही नव्हतं, पण वर, पेन्सिलीने, आईच्या हाताचा एक गोल होता. तीनदा मी गेले होते आणि तरीही तिने चौथ्यांदा माझंच नाव धरलं होतं. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तो चौकोन मी त्याच्यासमोर धरला, आणि त्याला नीट दिसत नसेल म्हणून तोंडानेही सांगितलं.

"ग्लास नव्हता, दादा. कप होता. माझा."